‘ताई, उचलू का आमसुलं?’

मे महिन्यात आमच्याकडे बायकांना मान वर करायला फुरसत नसते. पापड, फेण्या, सांडगे, फणसपोळी आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे आमसुलं. रातांब्याची सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात पसरायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी पाच-सहा पुटं चढली की कुठे ती काळीभोर, वर्षभर टिकणारी आमसुलं होतात. मध्येच पावसाची एक सर आली तर बुरशी धरते आणि सगळी मेहनत उकिरड्यावर जाते.

२०२५ सालच्या मे महिन्याचा तिसरा आठवडा संपत आला होता. शेजारच्या अंगणात आमसुलांचं तिसरं पूट चाललं होतं. सकाळपासून मोबाइलवर मात्र निरोपांचा भडिमार. ‘अरबी समुद्रात महाभयंकर वादळ’, ‘कोकणाला थेट धडक’, ‘सर्वांनी पुढे पाठवा’. शेजारीण कुंपणाशी आली. पदराला हात पुसत म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही ते हवामानाचं बघत असता ना? मग एकच सांगा, उचलू का आमसुलं?’’

मी हवामान खात्याचं त्या दिवसाचं बातमीपत्र उघडलं. त्यात ‘महाभयंकर’ हा शब्द कुठेच नव्हता. किनाऱ्यालगत समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याची चिन्हं आहेत, ते उत्तरेकडे सरकून आणखी जोर धरू शकतं, आणि कोकणात जोराचा पाऊस होईल, एवढाच मजकूर. मी तिला म्हटलं, ‘‘वादळ होईल की नाही ते मला सांगता येणार नाही. पण पाऊस नक्की. उचल.’’

तिने उचलली. माळ्यावर चुलीच्या धगीवर वाळवून कशीबशी वाचवली. कमी दाबाच्या त्या क्षेत्राचं २४ मे रोजी डिप्रेशन झालं आणि रत्नागिरी आणि दापोलीच्या मधल्या पट्ट्यात ते किनाऱ्यावर आलं. चक्रीवादळ काही झालं नाही. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोचला आणि २६ मे रोजी मुंबईत. गेल्या पाऊणशे वर्षांत पावसाने मुंबईला इतक्या लवकर गाठलं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी दुकानावर गेले तर तिथे बसलेल्या मंडळींपैकी एकाने विचारलं, ‘‘काय ताई, कुठाय तुमचं वादळ? उगाच बायकांना पळापळ करायला लावलीत.’’ सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. कारण माझ्या डोळ्यांसमोर ३ जून २०२० चा दिवस उभा राहिला.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यातलं, खाडीच्या काठचं. घरामागे नारळी-पोफळीची वाडी. श्रीवर्धनी रोठा सुपारी तुम्ही ऐकली असेल, ती आमच्याकडची. त्या वर्षी करोनाची टाळेबंदी चालू होती, मुंबईहून आलेले चाकरमानी घराघरांत होते आणि गावच्या शाळेत बाहेरून आलेल्यांना वेगळं ठेवलं होतं. अशात १ जूनला बातमी आली की समुद्रात डिप्रेशन आहे. २ जूनला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं, निसर्ग. टीव्हीवर दिवसभर एकच चित्र, निळ्या समुद्रात पांढरा भोवरा आणि त्याच्या पुढे काढलेली रेघ. रेघेच्या टोकाला अलिबाग आणि मुंबई. आमचे हे म्हणाले, ‘‘अलिबागला जातंय. आपल्याला थोडा वारा लागेल एवढंच.’’ अलिबाग आमच्यापासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं.

वादळ किनाऱ्याला लागलं ते अलिबागच्या दक्षिणेला, म्हणजे आमच्या मुरूड-श्रीवर्धनच्या टापूत, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने.

सकाळी अकराला ग्रामपंचायतीचा माणूस ओरडत गेला, ‘कच्च्या घरात राहू नका.’ आमचं घर जुनं, कौलारू. सासूबाई म्हणाल्या, ‘‘मी या घरात उंबरठा ओलांडून आले ती काय शाळेत जाऊन झोपायला? आणि तिथे तो आजार आहे.’’ त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी पुतण्याच्या स्लॅबच्या घरात जायचं ठरलं. काय घ्यायचं? ह्यांनी घराचे कागद, सात-बारा, बँकेचं पुस्तक आणि रोकड असं पिशवीत भरलं. मी भाताचं पातेलं, मेणबत्त्या आणि मुलांचे कपडे घेतले. दारं लावली आणि निघालो. सासूबाईंचं इन्शुलिन फ्रीजमध्ये राहिलं. कोणाच्याच यादीत ते नव्हतं.

दुपारी बाराच्या पुढे वाऱ्याने जे काय केलं ते लिहायला मी बसणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. पोफळी काडीसारख्या मोडत होत्या. आणि मग एकदम सगळं थांबलं. वारा नाही, पाऊस नाही, आभाळातून थोडा उजेडसुद्धा आला. पुतण्या म्हणाला, ‘‘गेलं वाटतं.’’ माझी धाकटी जाऊ तेवढ्यात उठली. गोठ्यात म्हैस बांधलेली होती, तिचं हंबरणं ऐकू येत होतं. ‘‘दावं सोडून येते,’’ म्हणाली आणि धावली. तिला कोणी अडवलं नाही. मीसुद्धा नाही.

अर्धा तासही झाला नसेल. वारा पुन्हा सुटला, पण आता उलट्या बाजूने. मघाशी ज्या भिंतीने टिकाव धरला होता ती आता वाऱ्याच्या तोंडावर होती. गोठ्याचं आढं खाली आलं आणि तिच्या खांद्यावर पडलं. रस्त्यावर झाडं आडवी पडलेली, तारा लोंबकळत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दवाखान्यात पोचली. आज पाच-सहा वर्षं होऊन गेली, पण तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालायला मुलगी लागते.

त्या मधल्या शांततेला वादळाचा डोळा म्हणतात, हे मला नंतर कळलं. भोवऱ्याच्या मध्यभागी जी जागा असते तिथे वारा पडतो. डोळा पुढे सरकला की भोवऱ्याची दुसरी बाजू येते आणि वारा विरुद्ध दिशेने तितक्याच जोराने झोडपतो. आदल्या दिवसापासून आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर तो भोवरा पाहिला होता. उपग्रहाने त्याचे फोटो काढले होते, रडारने त्याचा माग ठेवला होता, खात्याने तासातासाला तो कुठे आहे ते सांगितलं होतं. सगळी माहिती होती. फक्त ‘वारा एकदम थांबला तर घराबाहेर पडू नका’ हे एक वाक्य गोठ्याकडे धावणाऱ्या बाईपर्यंत पोचलं नव्हतं.

आणि इन्शुलिन? वीज आमच्याकडे तीन आठवड्यांच्या वर नव्हती. फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. शेवटी एका नर्सताईंनी सांगितल्याप्रमाणे नवं मडकं आणून, ओल्या वाळूत ठेवून, त्यात बाटली सांभाळली.

मैत्रिणींनो, मी बी.ए.ला मराठी घेतलेली बाई. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीला संपला असं मी समजत होते. पण त्या पावसाळ्यात मी ठरवलं की हे बातमीपत्र आपल्याला वाचता आलंच पाहिजे. आणि सांगते, ते फार अवघड नाही. ज्या बाईला दुधाचं विरजण आणि पाकाची तार कळते तिला हे नक्की कळेल.

समुद्राचं वरचं पाणी साधारण साडेसव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर तापलं की त्यावरची दमट हवा वर उठू लागते. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, तिने हवा आणखी वर उठते. खाली दाब कमी होतो, म्हणून आजूबाजूची हवा तिकडे धाव घेते. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे ती सरळ न जाता गोल फिरू लागते, आपल्याकडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट. हवामान खातं मग या फिरत्या वाऱ्याच्या वेगावरून त्याची पायरी ठरवतं. ताशी ३१ किलोमीटरच्या आत असेल तर नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. ३१ ते ४९ असेल तर डिप्रेशन. ५० ते ६१ म्हणजे डीप डिप्रेशन. ६२ झाले की चक्रीवादळ, आणि इथे त्याचं बारसं होतं. ८९ च्या पुढे तीव्र चक्रीवादळ, ११८ च्या पुढे अतितीव्र. नावं आपल्या आसपासच्या १३ देशांनी आधीच देऊन ठेवली आहेत. २०२० साली १६९ नावांची नवी यादी झाली आणि त्यातलं पहिलंच नाव आमच्या वाट्याला आलं. ‘निसर्ग’ हे बांगलादेशाने सुचवलेलं.

आता यात बाईने लक्षात ठेवायचं ते काय? नाव मिळेपर्यंत थांबायचं नाही. निसर्गचंच बघा. ३१ मेला कमी दाबाचं क्षेत्र, १ जूनला डिप्रेशन, २ जूनला चक्रीवादळ, ३ जूनला दुपारी आमच्या दारात. आम्ही जागे झालो ते बारसं झाल्यावर. तेव्हा हातात एक दिवससुद्धा उरला नव्हता. ‘कमी दाब’ हे दोन शब्द कानावर पडले तेव्हाच कामाला लागलो असतो तर तीन दिवस मिळाले असते. तीन दिवसांत बाई काय नाही करत? लग्नघर उभं करते!

दुसरी गोष्ट त्या रेघेची. बातमीपत्रातल्या नकाशावर रेघेच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा असतो, पुढे पुढे रुंद होत जाणारा. मला तो सुपासारखा दिसतो. वादळ आज जिथे आहे तिथे तो अरुंद, आणि उद्या-परवा ते कुठे असेल तिथे रुंद, कारण पुढचा अंदाज जितका लांबचा तितका तो चुकण्याची शक्यता जास्त. वादळ त्या सुपात कुठूनही जाऊ शकतं. चोवीस तास आधीची रेघसुद्धा पन्नास-पाऊणशे किलोमीटर इकडे-तिकडे होऊ शकते. शिवाय वादळ म्हणजे काही ठिपका नव्हे. केंद्र अलिबागला गेलं तरी वारा आणि पाऊस शेकडो किलोमीटरवर पसरलेला असतो. आम्ही सगळ्यांनी रेघ पाहिली, सूप पाहिलं नाही. ‘आपलं गाव रेघेवर आहे का’ असं विचारत बसलो. ‘आपलं गाव सुपात आहे का’ असं विचारायला हवं होतं.

आणि तिसरं म्हणजे रंग. किनाऱ्यावर धोका दिसू लागला की साधारण तीन दिवस आधी पहिली सूचना निघते, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी, आणि १२ तास आधीपासून लाल. पिवळा म्हणजे आवरायला घ्या, नारिंगी म्हणजे तयारी पूर्ण करा, लाल म्हणजे जिथे राहायचं तिथे पोचलेले असा. चक्रीवादळ झालं की खातं दर तीन तासांनी नवं बातमीपत्र काढतं. म्हणून शिळ्या बातमीवर विसंबायचं नाही. मोबाइलवर आलेल्या निरोपावर तारीख आणि वेळ नसेल तर तो पुढे पाठवायचाच नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं पुरुष मंडळी बघतात की! बंदरावर बावटा लागतो, होड्या परत येतात, ग्रामपंचायतीत दवंडी होते. खरं आहे. होड्यांचा निर्णय पुरुष घेतात आणि इशारा वेळेवर पोचला तर त्यांचे जीव वाचतात. पण घराचं काय? सरपण कुठे, धान्य कुठे, म्हातारीचं औषध कुठलं, तान्ह्याचं दूध कुठलं, कुठल्या पोरीची पाळी आलेली आहे, कुठल्या सुनेचे दिवस भरलेत, हे त्या बावट्याला ठाऊक नसतं. ते बाईलाच ठाऊक असतं. आणि निघायचं की नाही हे मात्र तिला सगळ्यात शेवटी कळतं.

याची किंमत शेजारच्या बांगलादेशाने फार मोठी मोजली आहे. १९७० साली तिथे आलेल्या वादळात कमीत कमी तीन लाख माणसं गेली. १९९१ च्या एप्रिलमध्ये आणखी एक वादळ आलं, त्यात एक लाख अडतीस हजारांच्या आसपास. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं. का? पोहता येत नव्हतं, साडी पायात अडकत होती, कडेवर पोर होतं, ही कारणं आहेतच. पण नवरा किंवा घरचा पुरुष सांगेपर्यंत घर सोडायचं नाही म्हणून थांबलेल्या बायकाही होत्या. निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी, बायकांसाठी आडोसा नाही, म्हणून न गेलेल्याही होत्या. इशारा सगळ्यांना एकच दिला होता. तो पाळण्याची मोकळीक सगळ्यांना सारखी नव्हती.

त्यावर त्यांनी काय केलं तेही बघा. १९७० च्या वादळानंतर तिथे गावोगाव स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. कर्णे, सायरन आणि झेंडे घेऊन ही माणसं घरोघरी जातात. एक झेंडा, दोन झेंडे, तीन झेंडे, धोका वाढेल तसे. आज या फळीत पाऊण लाखाच्या वर स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या बायका आहेत. बाईला बाईने येऊन सांगितलं की ‘चल, मी पण येते आहे’, तर ती निघते. नकाशा दाखवून निघत नाही.

लांब कशाला, आपल्याच देशातला ओडिशा घ्या. १९९९ च्या ऑक्टोबरमधल्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार लोक गेले. २०१३ मध्ये फायलिन आलं, तेही फार मोठं. पण या वेळी दहा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली होती. मृत्यूंचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. वादळ थांबवता येत नाही, पण त्याची वाट वेळेवर ओळखून माणसं बाजूला करता येतात. आणि ओळखलं तरी हललं नाही तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं. इशारे काही दिवस आधीपासून होते. तरी मुंबईपलीकडच्या समुद्रात पी-३०५ ही बार्ज माणसांसकट तिथेच राहिली आणि बुडाली. सत्तरच्या वर कामगारांचे जीव गेले.

अरबी समुद्र पूर्वी शांत समजला जायचा. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, वादळं तिकडे, बंगालच्या बाजूला. आता तसं राहिलेलं नाही. हा समुद्र जास्त तापू लागला आहे, त्यातल्या वादळांची संख्या आणि त्यांचा मुक्काम दोन्ही वाढलं आहे, असं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान, २०२० मध्ये निसर्ग, २०२१ मध्ये तौक्ते. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय दहा-बारा दिवस समुद्रात रेंगाळत, वाट बदलत अखेर कच्छला गेलं. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आता आपल्या पंचांगातले सावध राहायचे महिने झाले आहेत.

आमच्या बचत गटात आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या. त्याला पैसा लागला नाही. या दिवसांत रोज एकीने बातमीपत्र वाचायचं आणि दोन ओळींत, आपल्या बोलीत, गटावर टाकायचं. ‘ताशी ६० किलोमीटर वारा’ म्हणून कोणाला काय बोध होणार? त्याऐवजी ‘पत्रे उडतील, नारळाच्या झाडाखाली गुरं बांधू नका’ असं लिहायचं. प्रत्येक घरात दाराजवळ एक पिशवी. कागदपत्रं आहेतच, पण त्यासोबत औषधं आणि त्यांच्या चिठ्ठ्या, चष्मा, पॅड, बाळाचे कपडे, बॅटरी, थोडे पोहे-गूळ. फ्रीजमध्ये जे औषध असेल त्याची चिठ्ठी त्या पिशवीवर चिकटवलेली. गुरांची दावी वादळ यायच्या आधी सोडायची, मध्ये नाही. वारा अचानक पडला तर बाहेर जायचं नाही, हे शाळेतल्या पोरांकडून पाठ करून घेतलंय. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर वादळाचं केंद्र आपल्या डाव्या हाताला असतं, हेही पोरांनीच शिकून आम्हाला शिकवलं. आणि कोणाच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, कोण पोटुशी आहे, याची यादी गटाकडे. १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर खडूने लिहिलेला आहे.

मात्र काही गोष्टी आमच्या हातातल्या नाहीत, त्या मागाव्या लागतील. गावच्या आपत्ती समितीत बायकांची नावं असतात, पण बैठकीचं बोलावणं येतं का? निवारा म्हणून जी शाळा किंवा मंदिर ठरवलेलं असतं तिथे बायकांचं वेगळं संडास-मोरी आहे का, त्याला कडी आहे का? नसेल तर वयात आलेल्या पोरीला घेऊन कुठली आई तिथे रात्र काढेल? आणि इशारा देणाऱ्यांनी जिल्ह्याचं नाव घेऊन थांबू नये. गावांच्या पट्ट्याचं नाव घ्यावं, वेळ सांगावी आणि ‘काय करा’ हे सांगावं.

आता दुकानावरच्या त्या प्रश्नाकडे येते. ‘कुठाय तुमचं वादळ?’ मला वाटतं, हा प्रश्न वादळापेक्षा धोक्याचा आहे. तीनदा इशारा आला आणि तीनदा वादळ वळलं की चौथ्यांदा माणसं हसतात आणि घरात बसतात. पोळीला झाकण घालून ठेवलं आणि माशी बसली नाही, म्हणून झाकण फुकट गेलं असं आपण म्हणतो का? गरोदरपणात नऊ महिने तपासण्या केल्या आणि सगळं सुखरूप झालं, म्हणून तपासण्यांचे पैसे वाया गेले असं कोणी म्हणत नाही. मग वादळाला वेगळा न्याय का? अंदाज चुकणार, कधी कधी. जो सांगतो त्याने ‘अंदाज आहे’ असं प्रामाणिकपणे सांगावं आणि जो ऐकतो त्याने तो अंदाज आहे हे समजून घ्यावं. भीती घालणारे निरोप आणि चेष्टा करणारे टोमणे, दोन्ही माणसाला एकाच जागी बसवून ठेवतात.

शेजारणीला मी हे सगळं सांगत बसले तर ती म्हणेल, ‘ताई, तुमचं भाषण राहू द्या.’ तिचा प्रश्न खरा. तिला वाऱ्याचा वेग नको होता, नाव नको होतं. आत्ता, या क्षणी, माझ्या हाताने मी काय करू एवढंच तिला हवं होतं. उपग्रहापासून निघालेली बातमी जोवर ‘उचल’ किंवा ‘राहू दे’ इतकी सोपी होऊन अंगणात उतरत नाही, तोवर ती अर्धीच पोचलेली असते. आणि तो शेवटचा टप्पा आपल्याला, बायकांनाच चालायचा आहे.

आमच्या गटात बातमीपत्र वाचायची पाळी हल्ली माझी धाकटी जाऊच जास्त करून घेते. डाव्या हातात मोबाइल धरते आणि मोठ्याने वाचते. परवा पोरांपैकी एकाने विचारलं, ‘‘काकी, यात डोळा कुठे असतो?’’ तिने नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘हा इथे. हा आला की कितीही शांत वाटलं तरी दार उघडायचं नाही. म्हैस हंबरली तरीसुद्धा.’’